रग्बीत फिरती बदली असावी का? आधी विचारा, कोणत्या स्तरावर

प्रश्न असा आहे: हॉकी, बास्केटबॉल, हँडबॉलमध्ये खेळाडू बाहेर जातो, दम घेतो आणि परत आत येतो. रग्बी तर यांच्यापेक्षा कितीतरी अंगावर येणारा खेळ. मग तिथे एकदा बाहेर गेलेल्याला परत का येऊ देत नाहीत? फिरती बदली, म्हणजे रोलिंग सबस्टिट्यूशन, सगळीकडे लागू केली तर दमलेले खेळाडू बाहेर बसतील आणि दुखापती कमी होतील ना?

माझं उत्तर आधीच सांगतो. शाळा, कॉलेज आणि हौशी क्लब यांच्या सामन्यांत फिरती बदली असावी, पण अटी घालून. व्यावसायिक आणि आंतरराष्ट्रीय रग्बीत ती अजिबात नसावी. तिथे आज जेवढ्या बदल्या चालतात त्याही मला जास्त वाटतात. मी आधी प्रॉप म्हणून खेळलो (स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना ढकलतात तिथे, पहिल्या रांगेच्या टोकाला असतो तो), मग संघांना शिकवलं, आता पंचाचं काम करतो. तिन्ही बाजूंनी बघून हेच मत पक्कं होत गेलं.

आधी आजचा नियम नीट समजून घेऊ, कारण या वादात बरेच जण चुकीच्या गृहीतकावरून सुरुवात करतात. रग्बी युनियनमध्ये पंधरा खेळाडू मैदानात असतात आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात आठ राखीव. डावपेच म्हणून बाहेर काढलेला खेळाडू साधारणपणे परत येत नाही. पण काही वेळा येऊ शकतो: कुणाला रक्त आलं, कुणाच्या डोक्याला मार बसल्याचा संशय आला, फ्रंट रोमधला, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतल्या तिघांपैकी एखादा खेळाडू जखमी झाला, किंवा प्रतिस्पर्ध्याच्या गैरखेळामुळे कुणी जायबंदी झाला तर. रक्त थांबवायला पंधरा मिनिटं मिळतात, डोक्याच्या तपासणीला बारा. म्हणजे परतीचं दार पूर्ण बंद नाही. शिवाय वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमातच अशी सोय आहे की राष्ट्रीय संघटनेला वाटलं तर तिने आपल्या अखत्यारीतल्या ठराविक स्तरांवर फिरती बदली लागू करावी. मर्यादा बारा अदलाबदलींची. तेव्हा फिरती बदली रग्बीला परकी नाही. खरा वाद ती वरच्या स्तरावर न्यावी का, एवढाच आहे.

इथवरचा प्रवासही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९६८पर्यंत कसोटी सामन्यात जखमी खेळाडूच्या जागीसुद्धा कुणी येत नसे. हाड मोडलं तरी संघ चौदा जणांवर खेळायचा. त्या वर्षी प्रिटोरियात ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाचा दक्षिण आफ्रिकेशी पहिला कसोटी सामना झाला. त्यात बॅरी जॉनचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि त्याच्या जागी माइक गिब्सन आला. आंतरराष्ट्रीय रग्बीतली ही पहिली बदली. डावपेच म्हणून बदली करायची मुभा मिळाली ती १९९६मध्ये. आज आठ राखीव खेळाडू, म्हणजे अर्ध्याहून जास्त संघ, दुसऱ्या अर्ध्यात बदलता येतो. ज्यांना आजचा नियम फार कडक वाटतो त्यांनी हा वेग बघावा.

आता मुद्द्याचं. दमणं हा रग्बीच्या रचनेचाच भाग आहे. पहिल्या वीस मिनिटांत बचावाची फळी भिंतीसारखी उभी असते. सगळे ताजे असतात, प्रत्येक जण टॅकल करून, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून पाडून, झटकन उठतो आणि पुन्हा रांगेत येतो. साठाव्या मिनिटानंतर तीच फळी विरळ होते. रकमधून, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी होणाऱ्या रेटारेटीतून, उठायला दोन सेकंद जास्त लागतात. लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला उंच खेळाडू, रांगेत पोचतो पण बाहेरच्या कोपऱ्याकडे सरकत नाही. प्रॉप उभा असतो, पण गुडघ्यांवर हात टेकून. तिथे मोकळी जागा मिळते आणि चपळ, हुशार, हलक्या अंगाच्या खेळाडूची वेळ येते. ज्या संघाने चेंडू हलता ठेवून समोरच्याला पळवलं, त्याला त्या कष्टाचं फळ शेवटच्या वीस मिनिटांत मिळतं.

२०१५च्या विश्वचषकात ब्रायटनला जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं, तो सामना या अंगाने परत बघा. जपानने सामनाभर वेग कमी होऊ दिला नाही. शेवटी २९-३२ अशी पिछाडी असताना पेनल्टी मिळाली. किक मारून बरोबरी साधता आली असती, तरी त्यांनी स्क्रम घेतला आणि चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत कोपऱ्यात ट्राय केला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. दमलेल्या मोठ्या देहांपुढे तंदुरुस्त छोटे देह टिकतात, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. त्या दिवशी फिरती बदली असती तर दक्षिण आफ्रिकेला आपले सगळ्यात दणकट पुढचे खेळाडू पन्नासाव्या मिनिटाला बसवून पंचाहत्तराव्या मिनिटाला ताजे करून परत आणता आले असते. छोट्या देशांकडे तेवढी खोली नसते. त्यांचे पहिले पंधरा बड्या संघाला टक्कर देतात, पण बाकावरच्या आठांत फरक पडतो. फिरत्या बदलीने तो फरक दुपटीने जाणवेल.

याला जोडूनच देहाच्या आकाराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. ऐंशी मिनिटं खेळायचं म्हटलं की शरीराला वजनाची एक मर्यादा आपोआप पडते. फार वजन वाढवलं तर शेवटपर्यंत पळवत नाही. पंधरा मिनिटं जोर लावायचा, दहा मिनिटं बसायचं, परत यायचं, अशी सोय झाली की ती मर्यादा सुटते. मग प्रशिक्षक निवडताना पळण्याची ताकद बघत नाही, धडकेची बघतो. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, एनएफएलने, १९५०मध्ये अमर्याद बदली कायमची स्वीकारली. आज तिथे आक्रमणाच्या रांगेतले खेळाडू बहुधा १३५ किलोच्या पुढचे असतात, आणि हल्ल्याचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, किक मारणारा आणखी वेगळा. त्या खेळाची घडण तशी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रग्बीत त्याच माणसाने टॅकलही करायची, पासही द्यायचा आणि रकमध्येही घुसायचं असतं. हे सगळं एकाच शरीराला यावं लागतं म्हणून रग्बीत अजून सगळ्या बांध्यांच्या माणसांना जागा आहे.

धडकेचं शास्त्र साधं आहे. वजन वाढलं की धडकेची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते, वेग वाढला की वर्गाच्या प्रमाणात. ताजा खेळाडू म्हणजे वेग. दमलेल्या माणसाचं टॅकलचं तंत्र बिघडतं हे खरं आहे: डोकं चुकीच्या बाजूला जातं, कंबर वाकत नाही, हात उशिरा बंद होतात. फिरत्या बदलीचे पाठीराखे यावर बोट ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. पण फिरत्या बदलीत सगळे तीस एकाच वेळी ताजे नसतात. काही जण चाळीस मिनिटं सलग खेळलेले आणि काही नुकतेच बाकावरून आलेले, अशी सरमिसळ होते. दमलेल्या टॅकलरवर ताजा, जड धावक वेगाने आदळणं ही या खेळातली सगळ्यात वाईट जोडी. रग्बीत सर्वाधिक दुखापती टॅकलमध्ये होतात, आणि डोक्याला मार बसण्याचा धोका चेंडू घेऊन येणाऱ्यापेक्षा टॅकल करणाऱ्याला जास्त असतो. सतत ताजे खेळाडू सोडत राहिलो तर ही जोडी सामन्यात पुन्हा पुन्हा जुळेल. २०२१मध्ये इयान मॅकगीकन, विली जॉन मॅकब्राइड, गॅरेथ एडवर्ड्स या जुन्या दिग्गजांनी वर्ल्ड रग्बीला जाहीर पत्र लिहून बदल्यांवर लगाम घालायला सांगितलं, त्यामागेही हीच चिंता होती.

ज्यांनी फिरती बदली करून पाहिली त्यांचा अनुभवही हेच सांगतो. रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांची रग्बी, हा आपला सख्खा भाऊ. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत आधी अदलाबदलींना मर्यादाच नव्हती. २००१मध्ये त्यांनी बारा ठरवली, २००८मध्ये दहा, २०१६मध्ये आठ. इंग्लंडच्या सुपर लीगनेही २०१९पासून आठ केली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये अदलाबदली इतक्या वाढल्या की २०१४मध्ये १२०ची मर्यादा घालावी लागली, २०१६मध्ये ती ९०वर आणली आणि २०२१मध्ये ७५वर. अंगाला अंग भिडणारे हे खेळ. दोघांनीही फिरती बदली मोकळी सोडली आणि मग वर्षानुवर्षं ती आवळत आणली, कारण खेळातलं दमणं निघून गेलं की काय होतं ते त्यांनी पाहिलं. हॉकीने १९९२पासून अमर्याद फिरती बदली ठेवली आहे आणि तिथे ती छान चालते. पण हॉकीत एकमेकांवर आदळणं हा गुन्हा आहे, रग्बीत ते काम आहे. हॉकीचं उदाहरण इथे लागू पडत नाही.

आता दक्षिण आफ्रिकेच्या ‘बॉम्ब स्क्वॉड’बद्दल, म्हणजे बाकावरून एकदम सोडल्या जाणाऱ्या ताज्या दणकट खेळाडूंच्या ताफ्याबद्दल, कारण या चर्चेत ते नाव येतंच. २०१९च्या विश्वचषकात त्यांनी बाकावर सहा फॉरवर्ड (स्क्रममध्ये ढकलणारे) आणि दोनच बॅक (मागे राहून पळणारे) ठेवले आणि अंतिम सामना इंग्लंडविरुद्ध ३२-१२ जिंकला. त्या सामन्यात इंग्लंडचा टाइटहेड, म्हणजे उजव्या बाजूचा प्रॉप काइल सिंकलर सुरुवातीलाच डोक्याला मार बसून बाहेर गेला आणि डॅन कोलला उरलेला जवळजवळ सगळा सामना एकट्याने ओढावा लागला. समोर मात्र दुसरा अर्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात स्टीव्हन किट्सहॉफ आणि व्हिन्सेंट कॉख हे ताजे प्रॉप उतरले. स्क्रममधला प्रॉप काय सोसतो हे बाहेरून दिसत नाही. मानेवर समोरच्याचा भार, पाठीत मागच्या लॉकचा खांदा, आणि पाय जमिनीत रोवून सगळा जोर कमरेतून जाऊ द्यायचा. पाचव्या-सहाव्या स्क्रमनंतर मांड्या थरथरायला लागतात, पकड बांधलेला हात बधिर होतो. अशा वेळी समोर ताजा माणूस आला की तंत्र कितीही चांगलं असो, कंबर अर्ध्या इंचाने वर येते आणि तेवढ्यात सगळं संपतं.

२०२३च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ट्विकनहॅमला दक्षिण आफ्रिकेने सात फॉरवर्ड आणि एक बॅक असा बाक ठेवून न्यूझीलंडला ३५-७ हरवलं. न्यूझीलंडला एक लाल कार्डही मिळालं होतं, पण तो न्यूझीलंडचा तोपर्यंतच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव ठरला. दोनच महिन्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हीच सात-एकची मांडणी होती, आणि पहिल्या काही मिनिटांतच दक्षिण आफ्रिकेचा हुकर (दोन प्रॉपच्या मधला) बाँगी म्बोनाम्बी जखमी झाला. त्याच्या जागी आलेला सदतीस वर्षांचा डिऑन फूरी प्रामुख्याने फ्लँकर म्हणून, म्हणजे स्क्रमच्या कडेला, खेळणारा. त्याला उरलेला सगळा सामना हुकरच्या जागी काढावा लागला. ते १२-११ने जिंकले, पण घामाघूम होऊन. आजच्या नियमातली जमेची बाजू मला इथे दिसते. बाक असा भरला तर त्याची किंमत मोजावी लागते. ज्याला काढला तो गेला, आणि नंतर एखादा बॅक जखमी झाला तर फॉरवर्डला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, उभं करायची वेळ येते. फिरत्या बदलीत ही जोखीमच उरत नाही. बाहेर बसलेला बॅक परत आणता येतो, मग सात काय, आठही फॉरवर्ड ठेवायला कोण कचरेल? बॉम्ब स्क्वॉडवर नाराज असलेले काही जण फिरत्या बदलीची मागणी करतात, ते मला म्हणूनच समजत नाही.

किकरचंही तसंच. २००९मध्ये हाइनेकन कप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत हार्लेक्विन्स या इंग्लिश क्लबच्या टॉम विल्यम्सने तोंडात नकली रक्ताची कॅप्सूल फोडली. आधी बाहेर गेलेला निक इव्हान्स रक्ताच्या सबबीवर परत यावा आणि सामना जिंकून देणारी किक मारावी, असा तो डाव होता. प्रतिस्पर्धी लेन्स्टर तरीही ६-५ने जिंकलं, बनाव उघडकीस आला आणि प्रशिक्षक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली. काही जण म्हणतात, परत यायला मुळातच मुभा असती तर हे घडलंच नसतं. खोटं रक्त लागलं नसतं, हे कबूल. पण मग प्रत्येक सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघ आपापला ठेवणीतला किकर काढून आणतील, आणि ऐंशी मिनिटं मैदानात टिकून राहणाऱ्या फ्लायहाफच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि बहुधा किक मारणाऱ्या खेळाडूच्या, कौशल्याला अर्थ उरणार नाही. फसवणूक टाळण्यासाठी नियम सोडून देण्यापेक्षा पडताळणी कडक करावी.

एक गैरसमज दूर करतो. २०२२च्या सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत, डब्लिनला इटलीवर तेरा खेळाडूंनिशी खेळायची वेळ आली, तेव्हा फिरती बदली असती तर हे टळलं असतं असं बरंच बोललं गेलं. टळलं नसतं. इटलीचा एक हुकर जखमी झाला आणि त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्याला लाल कार्ड मिळालं. संघाकडे प्रशिक्षित हुकरच उरला नाही, म्हणून स्पर्धा नसलेले, म्हणजे एकमेकांना न ढकलता होणारे, स्क्रम झाले आणि नियमाप्रमाणे आणखी एक खेळाडू कमी करावा लागला. मुद्दाम स्क्रम निकामी करून फायदा घेऊ नये म्हणून तो नियम आहे. तो इटलीला जाचक ठरला, पण त्याचा फिरत्या बदलीशी संबंध नाही.

खालच्या स्तरावर चित्र एकदम उलटं होतं. आठवड्यातून दोनदा सराव करणारा हौशी खेळाडू साठाव्या मिनिटाला डावपेचामुळे दमलेला नसतो, तयारीच कमी असल्यामुळे दमलेला असतो. त्याच्या समोर १२० किलोचा ताजा विशेषज्ञ येत नाही, त्याच्यासारखाच कुणी नोकरी सांभाळून खेळणारा येतो. शनिवारी सोळा-सतरा जण जमले तर संघ उभा राहतो, आणि त्यातल्या दोघांना एकदा बाहेर काढलं की परत न घेण्याचा नियम म्हणजे जखमी माणसाला ओढत खेळवणं. नवख्या मुलाला दहा मिनिटं मैदानात सोडून, बाहेर घेऊन दोन गोष्टी सांगून परत पाठवणं, यासारखं शिक्षण नाही. इंग्लंडमध्ये शालेय आणि कनिष्ठ वयोगटात प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना मिळालाच पाहिजे असं धोरण आहे; ते फिरत्या बदलीशिवाय राबवणं अवघड आहे.

मात्र एक धोका मी पंच म्हणून डोळ्यांनी पाहतो आणि त्याबद्दल कुणी पुरेसं बोलत नाही. फिरत्या बदलीत खेळाडू बाहेर का गेला याचा माग राहत नाही. साध्या नियमात कुणी बाहेर गेलं की प्रश्न उठतो: जखम, रक्त की डोकं? फिरत्या बदलीत सगळेच ‘दम घ्यायला’ जातात. टॅकलनंतर डोळे तारवटलेला, क्षणभर चुकीच्या संघाच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा प्रशिक्षक गुपचूप बाहेर घेतो, पाणी पाजतो आणि दहा मिनिटांनी परत पाठवतो. बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही, ‘आता बरा आहे’ या समजुतीने. व्यावसायिक सामन्यात डोक्याच्या तपासणीसाठी डॉक्टर, व्हिडिओ आणि बारा मिनिटं असतात. हौशी सामन्यात यातलं काही नसतं, म्हणून तिथला नियम एकच: संशय आला की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही.

म्हणून मी नाणेफेकीच्या आधी दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बोलावतो. प्रत्येक अदलाबदलीची चिठ्ठी सीमारेषेवरच्या माणसाकडे द्यायची. त्यावर आत येणाऱ्याचा क्रमांक, बाहेर जाणाऱ्याचा क्रमांक आणि मिनिट. डोक्याला किंवा मानेला काही झाल्याचा संशय असेल तर वेगळ्या रंगाची चिठ्ठी, आणि तो क्रमांक पुन्हा कोणत्याही चिठ्ठीवर दिसता कामा नये. चेंडू मेल्याशिवाय आणि मी हात दाखवल्याशिवाय कुणी आत येत नाही. पेनल्टी मिळाल्यावर किक मारायला नवा माणूस आणायचा नाही. स्क्रम पुकारल्यावर फ्रंट रो बदलायची असेल तर फक्त दुखापतीसाठी, आणि येणारा त्याच जागेचा सराव केलेला हवा. हुकरच्या जागी प्रॉप उभा करून बघू, हे माझ्याकडे चालत नाही, कारण मान मोडू शकते. मर्यादा बाराची असली तरी माझ्या मते आठ पुरतात. बारावर गेलं की दोन्ही संघांचे मिळून चोवीस थांबे होतात, आणि आघाडीवर असलेला संघ समोरच्याची लय तोडायला त्यातले चार सहज खर्च करतो. शिवाय थंडीत दहा मिनिटं बसून गार पडलेला स्नायू एकदम पूर्ण वेगात पळवला की मांडीमागचा स्नायू धरतो, हेही लक्षात ठेवा. परत येणाऱ्याने आत येण्याआधी सीमारेषेलगत दोन-तीन मिनिटं पळायलाच हवं.

वरच्या स्तरासाठी मला काय हवं? बाकावर आठ खेळाडू राहू द्यावेत, कारण तिन्ही जागांसाठी प्रशिक्षित फ्रंट रो असणं ही सुरक्षेची बाब आहे आणि त्यावर तडजोड नको. पण डावपेच म्हणून वापरायच्या बदल्या पाचवर आणाव्यात आणि उरलेले तीन फक्त दुखापतीसाठी ठेवावेत. मग पाच ताजे फॉरवर्ड एकदम सोडायचे तर प्रशिक्षकाकडे दुसरा डाव उरणार नाही, आणि प्रॉपला साठ-पासष्ट मिनिटं खेळायचं आहे हे धरूनच त्याचं वजन ठरवावं लागेल.

यातला कच्चा दुवा उघड आहे: लोक दुखापतीचं सोंग करतील. २०१७मध्ये पॅरिसला फ्रान्स आणि वेल्सचा सामना शंभराव्या मिनिटापर्यंत चालला. वेल्सच्या गोलरेषेजवळ एकामागून एक स्क्रम चालू असताना फ्रान्सचा प्रॉप उइनी अटोनियो डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर गेला आणि आधी बदललेला राबा स्लिमानी परत आला. फ्रान्स २०-१८ने जिंकलं. त्या बदलीवर शंका घेतली गेली, चौकशीही झाली. तेव्हा दुखापतीची बदली मंजूर करण्याचा अधिकार संघाच्या डॉक्टरकडे असू नये, सामन्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र डॉक्टरकडे असावा. दुखापत म्हणून बाहेर गेलेल्या खेळाडूला पुढच्या आठवड्यात खेळवायचं असेल तर त्याच डॉक्टरची मंजुरी लागावी. सोंगाची किंमत पुढच्या सामन्यात मोजावी लागणार हे कळलं की प्रशिक्षक आधी दहा वेळा विचार करेल.